नथ्थू मिस्त्रीच्या विमानाची पाटी

माझ्या नोकरीचं नाव सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" कागदावर माझं पद होतं तंत्रसहायक, प्रदर्शनी विभाग. वर्ध्याच्या एका विज्ञान केंद्रात मी सारी नोकरी काढली. पाठ्यपुस्तकात जे नुसतं चित्र म्हणून पडून असतं, ते लाकूड, पत्रा, तार आणि एखादी लहानशी मोटार वापरून हलतं-चालतं करायचं, एवढंच माझं काम. नातेवाईक मला खेळणीवाला म्हणायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. खेळणंच होतं ते, फक्त खोटं खेळणं नव्हतं.

सिंदी रेल्वेला आमचं घर. वडील सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, उचलायचे, आई निंदणाला जायची. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास करायचा आणि नापास व्हायचं नाही, असे घरात दोनच नियम होते. आमच्या सात पिढ्यांत मी पहिला पदवीधर. त्यामुळे मला जे मिळालं त्याबद्दल मी कायम उपकृतच राहिलो. पुढे जे लिहितो आहे त्यात कुठे फुशारकी दिसली तर ती माझी समजू नये. ती एका मिस्त्रीची आहे.

आधी थोडं आमच्या धंद्याविषयी सांगतो. प्रदर्शनात दोन जातीच्या वस्तू असतात, बघायच्या आणि दाबायच्या. बघायची वस्तू कशीही केली तरी टिकते. दाबायच्या वस्तूचा वैरी असतो शाळेची सहल. एका सहलीत बटण ढिलं होतं, दुसऱ्या सहलीत आत जातं आणि तिसऱ्या सहलीत ते कुणाच्या तरी खिशातून गावाला जातं. म्हणून चांगल्या कारागिराची परीक्षा वस्तूच्या देखणेपणात नसते. ती मुलांच्या हातात किती दिवस जगते, त्यात असते.

आणि प्रत्येक वस्तूशेजारी असते पाटी. लोकांना वाटतं पाटी हे कारकुनाचं काम. आमच्याकडे ते माझ्याकडे होतं, कारण केंद्राच्या पहिल्या प्रमुखांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "पाटीवर जे लिहाल ते शेजारच्या वस्तूनं करून दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर पाटी काढायची."

हे मला नीट शिकवलं ते मात्र सेलूकडच्या एका शेतकऱ्यानं. आमच्याकडे दोन तिरप्या दांड्यांवरून आपोआप वर चढणारा एक लाकडी गोळा होता. खरं तर तो दोन शंकू तळाशी जोडून केलेला असतो. दांड्या पुढे फाकत जातात, गोळ्याचं वजन प्रत्यक्षात खालीच उतरत असतं आणि डोळ्याला मात्र तो चढताना दिसतो. पाटीवर मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, 'चढावर चढणारा गोळा'. या शेतकऱ्यानं तो बराच वेळ पाहिला आणि मला बाजूला घेतलं.

"साहेब, हे माह्या वावरात बसवता येईन काय? विहीर खाली हाये, वावर वर हाये."

मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे थो चढूनच नाई राह्यला."

"नाही."

"मंग लिहिलं काऊन?"

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. 'चढताना दिसणारा गोळा'.

दुसरी आठवण हृदयाच्या प्रतिकृतीची. पारदर्शक नळ्या, लाल पाणी, चार कप्पे, दर ठोक्याला उघडणाऱ्या झडपा. सावंगीला शिकणारी डॉक्टर मुलं ती पाहायला यायची आणि माझी चूक काढून जायची. मी ती दुरुस्त करायचो. एकदा एक म्हातारे गृहस्थ दुपारभर तिच्यासमोर उभे राहिले. ठोके थांबले की बटण दाबायचे. मी विचारलं तेव्हा कळलं, त्यांची पत्नी सावंगीच्या दवाखान्यात भरती होती आणि तिची एक झडप बदलायची होती.

"हे बंद पडते काय कधी?" त्यांनी विचारलं.

"पडतं की."

"मंग?"

"मग मी दुरुस्त करतो."

"हाव का," ते म्हणाले. "मंग ठीक हाये." आणि निघून गेले. पुढे उन्हाळ्यात ते पत्नीला घेऊन आले. तिला बटण दाबायला लावलं. ती लाजून म्हणाली, "माह्या पोटात बी एवढाच आवाज येते का जी?" पोट नव्हे, छाती, असं ते तिला रागावले. त्या दिवशी मला पगारापेक्षा मोठं काही मिळालं असं वाटलं.

आता मिस्त्रीकडे येतो.

माझी नोकरी संपत आली होती तेव्हा केंद्रात 'आपल्या मातीतले संशोधक' असं नवं दालन करायचं ठरलं. कर्मचाऱ्यांकडून नावं मागवली. मी एकच नाव दिलं, सिंदीचे नथ्थू मिस्त्री.

सिंदीत हे नाव जुन्या लोकांना ठाऊक आहे ते दोन कारणांनी. एक म्हणजे त्यांचे लाकडी नंदी. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत मिरवतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे ओवाळणी, मागतात. सिंदीचा तान्हा पोळा तर पंचक्रोशीत नावाजलेला. तिथे माणसाच्या उंचीचे नंदी निघतात. मिस्त्रीचा नंदी ओळखायची खूण अशी होती की तो ओढला की रेषेत चालायचा, इकडचा तिकडे व्हायचा नाही.

दुसरं कारण म्हणजे विमान. महायुद्धाच्या काळात मिस्त्री नागपूरला विमानतळावर सुतारकामाला होते. शिकाऊ वैमानिकांची लाकडी ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेली विमानं, मोडली की ती दुरुस्त करायची. स्वातंत्र्यानंतर ते गावी परतले आणि त्यांनी स्वतःचं ग्लायडर बांधलं. बांबूच्या फासळ्या, सागाचा कणा आणि वर हातमागाचं कापड. कापड ताठ व्हावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ. इंजिन नाही, तेव्हा ओढायला कुणी तरी हवं. त्यांनी शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी जुंपली.

ते उडालं की नाही, यावर गाव एकमतानं हसत असे. मिस्त्री रस्त्यानं निघाले की लोक विचारायचे, "काय मिस्त्री, आज कोनाच्या वावरात उतरले?"

दालनाच्या समितीवर देशकर सर होते. विमानशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, अत्यंत सरळ माणूस. ते म्हणाले, "रामटेके, काही शिल्लक आहे का? की नुसती गोष्ट?"

शिल्लक होतं हिंगणीला. मिस्त्रींची मुलगी सरूबाई तिथे दिलेली. मी सरांना घेऊन भेटायला गेलो तेव्हा त्यांची ऐंशी उलटलेली होती, पण बोलणं असं की समोरच्यानं पागोटं सांभाळावं. त्यांचं माहेर सिंदी, म्हणून मी त्यांना आत्या म्हणू लागलो.

गोठ्याच्या आढ्याला पंखाची एक फासळी बांधलेली होती. त्यावर वाल चढवला होता. शेपटीची चौकट कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झाली होती. सर कोंबड्या हाकलत ती चौकट मोजत होते आणि आत्या मला सांगत होत्या.

"शंकरपटाचा दिवस होता. बाबानं जोडी मांगून आनली, लांब दोर बांधला अन् बसला. मायनं पंखाचं टोक धरलं अन् संग धावली. मी बैलबंडीवर उभी होती. इमान उठलं ना भाऊ! माह्या डोयानं पाह्यलं. पुढं बाभूय होती, थिच्या वरून गेलं अन् पल्याडच्या तुरीत उतरलं."

"मग बाकी लोकांनी नाही पाहिलं?" मी विचारलं.

"बाकीचे बैलाइकडे पाहत होते! पट होता ना थो. पटात मानूस आभायाकडे पायते काय? दोर सुटला तशी जोडी उधयली. सारे वरडत होते, गेली जोडी, गेली जोडी. जोडी धरून वापस आले तं बाबा तुरीतून निंगून राह्यला. मनले, मिस्त्रीले बैलाईनं फरफटत नेलं."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. आमच्या भागातल्या माणसाला हे शंभर टक्के पटेल. पटाच्या मैदानावर देव जरी उतरला तरी लोक आधी बैल बघतील.

"त्याच्यानंतर कोनी बैल देल्ले नाई," आत्या म्हणाल्या. "बाबा नंदी करत राह्यला. मरस्तोर लोकाईनं थेच विचारलं, कुठं उतरले." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "तुमच्या पाटीवर काय लिवसान?"

"जे सिद्ध होईल ते, आत्या."

"मंग करा सिद्ध. मी हाये तवरिक करा."

त्या क्षणापासून हे काम माझ्या नोकरीतलं शेवटचं काम राहिलं नाही, एका म्हातारीला दिलेला शब्द झालं.

विमान आम्ही पूर्ण आकाराचं बांधलं. फासळीवरून पंखाची रुंदी मिळाली, चौकटीवरून शेपटी. मधल्या भागासाठी सरांनी त्या काळच्या शिकाऊ ग्लायडरचे आराखडे धरले. कापड आणलं हातमागाचंच, खळ केली चिंचोक्याची. खळ वाळायला लागली तसं कापड ताणत गेलं आणि टिचकी मारली की हलगीसारखं वाजू लागलं. सर कार्यशाळेत दिवसभर टिचक्या मारत फिरत होते. माणूस बसवायला परवानगी नव्हती, ती आम्ही मागितलीही नाही. बसणाऱ्याच्या जागी माणसाच्या वजनाचं सरकीचं पोतं बांधायचं ठरलं.

बैलांऐवजी जीप घेतली. पण सरांचा कटाक्ष होता, जीप बैलांपेक्षा जोरात पळवायची नाही, नाहीतर ते जीपचं श्रेय होईल. म्हणून एका पटावर जाऊन, धावपट्टीच्या बाहेरून जोडीच्या बरोबरीनं जीप चालवून आम्ही वेग पाहून ठेवला. चालवणारा आमचा ड्रायव्हर खूश होऊन म्हणाला, "सर, सरकारी गाडीनं पट खेळणारा मी पयलाच असीन."

हिंगणीजवळच्या पडीक माळावर उन्हाळ्यात पहिली चाचणी झाली. अर्धं गाव आलं. आत्यांना खुर्ची दिली होती, त्या उभ्याच राहिल्या. मी विमानाच्या नाकाला दोर बांधला. जीप निघाली, विमान घसरत निघालं, शेपटी उचलली गेली. आणि शेपटी उचलतच राहिली. नाक जमिनीत घुसलं, मातीची सरळ रेघ ओढत विमान थांबलं. सरकीचं पोतं फुटून समोर सांडलं.

गर्दीतून आवाज आला, "इमान नाई बाप्पा, नांगर हाये! पेरनी बी झाली, पाहा, सरकी पडली!"

सगळा माळ हसला. आम्ही दुरुस्ती करून पुन्हा प्रयत्न केला, पोतं मागे सरकवून केला, शेपटीचा कोन बदलून केला. दरवेळी नांगरच.

वर्धा आल्यावर सर म्हणाले, "रामटेके, मला फार आवडलं असतं. पण आपण पाटीवर 'उडवण्याचा प्रयत्न केला' एवढंच लिहू शकतो." मी मान हलवली. तो नियम मीच पाळत आलो होतो.

हे आत्यांना सांगायला हवं होतं. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. मी टाळत राहिलो आणि पावसाळा निघत आला. शेवटी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेलो. सणाच्या दिवशी त्या कमी रागावतील असा माझा हिशेब होता. हिशेब चुकला.

आत्या अंगणात नंदीच्या शिंगांना बेगड लावत होत्या. मोठा, कमरेइतक्या उंचीचा नंदी, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. मिस्त्रींनी नातवासाठी, म्हणजे आत्यांच्या मुलासाठी, केलेला. मी सांगितलं. त्यांनी बेगड खाली ठेवली.

"परयत्न?"

"हो आत्या."

"परयत्न तं पोट्टे परीक्षेत करते! माह्या बापानं उडवलं. तुमाले उडवता येत नाई म्हून थ्याचा परयत्न झाला काय?"

तेवढ्यात शेजारची मुलं आली, नंदीला दोर लावला आणि निघाली. फाटकापाशी थांबली तर एक मुलगी ओरडली, "आजी, तुमच्या नंदीनं पुन्हा दोर सोडला!"

"थो सोडतेच," आत्या रागातच म्हणाल्या. "चिंधीनं बांध. थांबला का दोर सोडते थो. बाबानं केला तवापासून तसाच हाये."

मी सिंदीचा माणूस. नंदीला दोर कुठे लावतात हे मला झोपेतही सांगता येईल. पुढच्या टोकाला, बंद कडीत. ती निसटता कामा नये, नाहीतर मुलं रडतात. आणि ज्या मिस्त्रीचा नंदी रेषेत चालण्यासाठी प्रसिद्ध, त्यानं स्वतःच्या नातवाला दोर सोडणारा नंदी द्यावा?

मी जाऊन गुडघ्यावर बसलो आणि नंदीच्या फळीखाली डोकं घातलं. मुलं हसायला लागली. दोर लावायची जागा पुढे नव्हतीच. ती फळीच्या खाली, बरीच मागे होती. आणि तिथे कडी नव्हती. जाड लोखंडाचा एक उघडा आकडा होता, टोक मागच्या बाजूला कललेलं. जोपर्यंत पुढे ओढ आहे तोपर्यंत दोर घट्ट धरणारा आणि ओढ संपली की आपोआप सोडणारा. त्याच्याजवळच, जरा मागे, लाकडात दोन जुनी चौकोनी भोकं होती, नंतर खुंट्या ठोकून बुजवलेली.

यापूर्वी मी त्या घरी कितीदा गेलो होतो. तो नंदी ओसरीवर समोरच उभा असायचा. पण नंदीखालची फळी ही नंदीचीच असणार आणि तिच्या लोखंडाला दोरच लावायचा असणार, हे सिंदीच्या माणसाला इतकं साहजिक वाटतं की मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

सरांना फोन केला. ते वर्ध्याहून तडक आले. गाडीतून उतरले ते हातात टेप घेऊनच, आणि म्हणाले, "नंदी उलटा करू या."

आत्या आडव्या आल्या. "आज? पूजेचा नंदी उलटा करता? बोजारा झाल्याशिवाय कोनी हात नाई लावाचा."

"बाई, फक्त दोन मिनिटं—"

"तुमी मोठे सर असान. नंदी तुमच्याहून मोठा हाये."

झालं. तान्ह्या पोळ्याची मिरवणूक निघाली. पुढे मुलं आणि नंदी, मागे विमानशास्त्राचे प्राध्यापक. चिंधी सरांनी बांधू दिली नव्हती. दर दाराशी नंदी थांबे, दोर निसटे आणि सर चटकन वाकून खाली पाहत. एका दारातल्या बाईनं विचारलं, "सर, तुमाले बी बोजारा पायजे काय?" सरांनी काय झालं ते न कळून दोन्ही हात पुढे केले. तिनं बिस्किटाचा पुडा दिला. त्यांनी तो गावभर हातात धरून ठेवला.

दिवस कलताना नंदी घरी आला. आत्यांनी अंगणात गोधडी अंथरली आणि मग आम्ही तो हळूच आडवा केला. सरांनी भोकांचं अंतर मोजलं, फासळीच्या रुंदीशी ताडून पाहिलं, पुन्हा मोजलं. मग ते तिथेच गोधडीवर बसले.

"रामटेके," ते म्हणाले, "ही नंदीची फळी नाही. हा विमानाचा कणा आहे."

पुढे मोडीत काढलेल्या विमानातलं सगळ्यात चांगलं सागाचं लाकूड मिस्त्रींनी नातवासाठी ठेवलं होतं. चौकोनी भोकं पंखाच्या खांबांची होती. आकडा होता पोटाशी, वजनाच्या मध्यापासून जरासा पुढे. पतंग उडवणाऱ्या कुणालाही हे कळेल. पतंगाचा दोरा डोक्याशी बांधला तर तो फडफडून खाली येतो. छातीशी बांधला की वारा त्याला वर नेतो. आम्ही नाकाला दोर बांधून विमानाला नांगर केलं होतं. मिस्त्रींनी त्याचा पतंग केला होता. आणि बैल मंदावले की दोर आपोआप गळून पडावा, ही सोयही.

"मी आयुष्यभर हे शिकवलं," सर हसत म्हणाले, "आणि दोर बांधताना मला सुचलं नाही!" ते इतके खूश होते की बिस्किटाचा पुडा तिथेच फोडून त्यांनी सगळ्यांना वाटला. आत्यांनी पण घेतलं. "आता लिवसान का?" त्यांनी विचारलं.

"आता आधी उडवू, मग लिहू."

आकड्याची हुबेहूब नक्कल मी स्वतः केली. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. दुसरी चाचणी थंडीत, त्याच माळावर झाली. सकाळी समोरून बेताचा वारा होता. या वेळी गर्दी दुप्पट होती. नांगरवाले तर झाडून आले होते.

ग्लायडरला खाली एकच लाकडी पट्टी असते, त्यामुळे उभं असताना ते एका बाजूला कलतं. कुणी तरी पंखाचं टोक धरून सपाट ठेवायचं, पहिली काही पावलं बरोबर धावायचं आणि वारा पंखाला धरतो आहे असं वाटलं की सोडायचं. उशिरा सोडलं तर विमान गोल फिरतं, लवकर सोडलं तर पंख जमिनीला घासतो. पहिल्या चाचणीत ते काम मी केलं होतं. या वेळी मी तयार झालो तर आत्या पदर खोचून आल्या.

"मायनं धरला होता. मी धरतो."

आमच्याकडे बायाही 'मी करतो', 'मी जातो' असंच म्हणतात. त्या दिवशी ते फारच शोभून दिसलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आत्या, धरा. पण धावायचं मी."

जीप निघाली. दोर ताणला गेला. आत्यांनी टोक माझ्या हातात दिलं, मी धावलो आणि पाच-सात पावलांतच पंख माझ्या हातात हलका झाला. हलका म्हणजे असा, की मी त्याला धरलं नव्हतं, त्यानंच मला धरलं होतं. मी सोडला.

विमान उठलं.

कुठलाही आवाज नाही. खाली जमिनीवर फक्त एक सावली पळत होती. सरकीचं पोतं घेऊन ते माणसाच्या डोक्यावरून गेलं, जीपच्या टपावरून गेलं, माळाच्या कडेच्या बोरीच्या झाडावरून गेलं. जीप मंदावली आणि दोर पानासारखा गळून पडला. विमान तसंच पुढे जात, हळूहळू खाली येत, पल्याडच्या पडीक रानात पोटावर बसलं. पोतं शाबूत होतं.

माळावर जो कल्ला झाला तो मी शंकरपटातही ऐकलेला नाही. ड्रायव्हर जीप सोडून पळत सुटला. सर टोपी हातात घेऊन उड्या मारत होते. नांगर म्हणणारा गडी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पुन्हा एकखेप करा ना जी, मी नीट नाई पाह्यलं."

आम्ही पुन्हा केलं. आणि पुन्हा. दरवेळी उडालं.

आत्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी धापा टाकत जवळ गेलो. त्या रडत असतील असं मला वाटलं होतं. त्या विचारात होत्या.

"पाटीवर बाबाचं नाव येईन?"

"येईल. 'उडवलं' असंच येईल."

"अन् मायचं?"

आत्यांच्या आईचं नाव पार्वताबाई. तिच्याबद्दल आमच्याकडे काहीही नव्हतं. ना वस्तू, ना साक्षीदार. होतं ते फक्त आत्यांचं बोलणं. मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, ते नियम सांगतील. सरांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"रामटेके, पंख कुणी धरला नाही तर हे विमान जागचं हलेल का?"

"नाही सर."

"मिस्त्री तर आत बसलेले. मग आज उडून दाखवलं ते कशाचा पुरावा आहे?"

त्या संध्याकाळी मी पाटी लिहिली. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात छोटी पाटी आणि तिला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पुढे माझी नोकरी संपली. माझ्या जागी आता पडदे आले आहेत. बोट लावलं की हृदय धडधडतं आणि पाणी कधी गळत नाही. मला त्याची थोडी रुखरुख आहे, पण तक्रार नाही. दालनाच्या उद्घाटनाला मी निवृत्त माणूस म्हणून गेलो. विमान छताला तारांनी टांगलं होतं. आत्यांनी हिंगणीहून आणि सिंदीहून बायांची भरलेली गाडी आणली होती.

पाहुण्यांची भाषणं झाली आणि मग आत्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी बोट लावून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. 'सिंदी येथील नथ्थू मिस्त्री यांनी असं विमान बांधलं आणि पार्वताबाईंसह उडवलं.' शेवटच्या शब्दावर बोट थांबलं. त्यांनी मागे वळून बायांकडे पाहिलं.

सिंदीच्या एका म्हातारीनं छताकडे मान वर करून विचारलं, "सरू, खरंच उडते वं हे?"

"उडते तं," आत्या म्हणाल्या. "पंख धराले कोनी पायजे फक्त."